हिराची बदली

५ नोव्हेंबर १९५७
मालवणात पोचले एकदाची. फोंडाघाटात एस.टी.ने पोटातलं सगळं ढवळून काढलं, पण इथे उतरल्यावर समुद्राचा वारा लागला आणि जिवात जीव आला. दवाखाना आटोपशीर आहे. एक विभाग बायकांचा, एक मुलांचा, मध्ये सामानाची खोली. आधीची नर्स लग्न होऊन गेली, तिच्या जागी मी, म्हणून सगळे मला 'बदली बाई' म्हणतात. थोरली आया यमुनाबाई फार लाघवी. माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं, इकडचं माशाचं कालवण, घेऊन आली. मला मागेपुढे कुणी नाही हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, माका आई म्हण गो. मी लगेच म्हटलंही.

९ नोव्हेंबर
यमुनाबाईची भाची हिरा दाखल झाली. वय चौदा. खडकावरची कालवं काढताना शिंपल्याने पाय कापला आणि धनुर्वात झाला. दात घट्ट मिटलेले, जरा खुट्ट झालं की अंगाची कमान होते. मुलांची खाट तिला तोकडी, शिवाय तिथे रडारड. बायकांकडे खोकला आणि गप्पा. हे आमचं काम नव्हे म्हणून दोन्हीकडच्यांनी हात झटकले. मी डॉक्टरांशी भांडून सामानाची खोली रिकामी करून घेतली, काळा पडदा लावला. नाकातल्या नळीने दूध-पेज देते, कानाशी हळू बोलत राहते. अंधारात तिला माझं तोंड दिसत नाही, पण आवाज ओळखते, बोट दाबते. ही पोर मी मरू द्यायची नाही.

१२ नोव्हेंबर
हिराच्या बापाने, बाबलीने, आज आवारातल्या फणसाखाली नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. लांब घाला, आवाज आत यायला नको, असा मी दम भरला होता. यमुनाबाईने हाताला धरून मला पुढे उभं केलं. बाबलीची मालवणी भरधाव, मला निम्मंही कळेना. प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. मीही हौसेने ठोकून दिलं, सगळ्यांत मोठ्याने. सगळे माझ्याकडे वळून बघत होते, डॉक्टरसुद्धा. माझ्या मालवणीचं कौतुक असावं.

१५ नोव्हेंबर
हिराने चमचाभर पाणी तोंडाने घेतलं. मला रडूच फुटलं. जेवताना माझा जबडा ठणकला. दमले असेन.

१७ नोव्हेंबर
हिरा बोलली. माका तान लागली, म्हणाली.
माझं तोंड मात्र जेमतेम दोन बोटं उघडतं. डॉक्टरांनी तपासलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. ते माझ्या नजरेला नजर देईनात.
यमुनाबाईला विचारलं, बाबली त्या दिवशी नेमकं काय बोलला. तिने लपवलं नाही. 'हिराची बदली पुढ्यात उभी आसा, ती मान्य करून घे रे म्हाराजा.' वर म्हणाली, आमी जबरदस्ती खंय केली, तूच व्हय म्हटलंस. आणि माझ्या केसांवरून हात फिरवला.
सगळ्यांना ठाऊक होतं. ते तिखलं, ते आई म्हण — सगळं —

१९ नोव्हेंबर
पळणार होते. सकाळची गाडी. फाटकातच पाय ताठले, पडले. उचलून आणलं. मधल्या खोलीत. हिरा बाहेर उन्हात बसलेली.

२० नोव्हेंबर
यमुनाबाई नळीने पेज घालते. जपून. कुणी बोललं तर त्याच्या अंगावर धावते. तिची माया खोटी नाही, त्याचीच भीती वाटते. मला विचारलं असतं तर — नसता दिला मी जीव. पण विचारायचं तरी —

२१ नोव्हेंबर
पेन्सिल धरवत नाही.
हिरा दारात आली. चालत. आनंद झाला, खरंच झाला. मग तिने विचारलं, ही कोण गो मावशे. चेहरा तिने कधी पाहिलेलाच नाही. आवाज दिला असता, पण दात —
यमुनाबाई म्हणाली, कोण नाय.
हिरा निघाली. अगं मी. तुझ्या कानाशी रोज — माझं नाव मथु