खाडीच्या धक्क्यावरील साध्या वेशातील माणसाचे नाव कळविण्याबाबत

दि. २७ सप्टेंबर १९८६

प्रति,
मा. सहायक पोलीस आयुक्त,
खाजणवाडी विभाग,
विक्रोळी (पूर्व), मुंबई.

अर्जदार : पोलीस हवालदार दशरथ सखाराम घाडीगावकर, हजेरी मेजर, खाजणवाडी पोलीस ठाणे.

विषय : अनंत चतुर्दशीच्या बंदोबस्तात खाडीच्या धक्क्यावर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे नाव कळविणे, त्यासोबत कबुली देणे, आणि एका रविवारची सुट्टी मागणे.

संदर्भ : आपला मेमो दि. २० सप्टेंबर १९८६. ‘धक्क्यावरील साध्या वेशातील कर्मचाऱ्याचे काम उत्तम. प्रशस्तिपत्रासाठी नाव एका ओळीत कळवावे.’

महोदय,

१. वरील मेमोला उत्तर देण्यास सात दिवसांचा उशीर झाला, त्याबद्दल अर्जदार प्रथम क्षमा मागतो. नाव एका ओळीत मावते, हे त्याला मान्य आहे. तशी ओळ लिहून त्याने दोनदा पाकिटात घातली आणि दोन्ही वेळा पाकीट फाडले. ती ओळ एकटी पाठवली असती तर आपण आणखी एकदा फसला असतात. अर्ज योग्य मार्गाने पाठवायचा तर ठाण्यातले सर्व अर्ज आधी अर्जदाराच्याच टेबलावर येतात व तोच त्यांच्यावर पोच मारतो. स्वतःचा अर्ज स्वतःच स्वीकारून तो ड्रॉवरमध्ये टाकण्याचा मोह अर्जदाराला आवरला नसता, म्हणून हा कागद तो हाताने घेऊन आला आहे.

२. अर्जदार मूळचा राजापूर तालुक्यातला, गिरणी कामगाराचा मुलगा. नोकरीला चोवीस वर्षे झाली. गेली तीन वर्षे ठाण्यातील बासष्ट शिपायांच्या ड्युटीची यादी तो लावतो. म्हणजे कोण दिवसा, कोण रात्री, कोण नाक्यावर, कोण बंदोबस्ताला आणि कोणाला आठवड्याची सुट्टी, हे सर्व त्याच्या पेन्सिलीत असते. ब्याऐंशीच्या ऑगस्टमधील पोलिसांच्या आंदोलनानंतर वरून येणाऱ्या प्रत्येक कागदात ‘मनोधैर्य’ हा शब्द येऊ लागला. अर्जदाराची पत्नी सौ. वनमाला हिने त्याचा अर्थ विचारला, तेव्हा माणसे कुरकुरत नाहीत म्हणजे मनोधैर्य, असे त्याने तिला ऐटीत सांगितले होते.

३. माणसे कुरकुरू नयेत म्हणून अर्जदाराने जे केले ते असे. कोकणातल्या माणसांना गणपतीला गावी सोडले. कोणाच्या मुलाची दहावी होती, कोणाची बायको बाळंत होणार होती, कोणाला रात्रपाळीने पित्त व्हायचे. प्रत्येकाची अडचण खरी होती आणि प्रत्येकाला अर्जदाराने मोकळे केले. त्यामुळे यादीत जी भोके पडत, त्या सर्व भोकांत तो एकच नाव लिहीत असे : शिपाई हरेश्वर अनंता वैती, राहणार ट्रॉम्बे कोळीवाडा. वैती कधी नाही म्हणत नसे. सलग तीन आठवडे रात्रपाळी लावली तरी तो यादी लावलेल्या फळ्याकडे बघून ‘चालेल’ एवढेच म्हणे. नारळी पौर्णिमा हा त्याच्या घरचा सर्वांत मोठा सण. तीनही वर्षे त्या दिवशी तो हायवेच्या नाक्यावर उभा होता. ठाण्यात त्याच्यामागे त्याला ‘चालेल’ म्हणतात. हे नाव अर्जदारानेच पाडले आणि पहिल्यांदा हसलाही तोच.

४. यंदा मार्चमध्ये ड्युटीबाबत एकही तक्रार नसलेले ठाणे म्हणून आपल्याच सहीचे प्रमाणपत्र मिळाले. ते अर्जदाराने आपल्या खुर्चीच्या वर काचेत लावले. इतर ठाण्यांच्या हवालदारांना पद्धत समजावून सांगण्यासाठी अर्जदाराला बोलावले गेले. तिथे तो चाळीस मिनिटे बोलला. रात्रपाळीला लाल पेन्सिल आणि दिवसपाळीला निळी कशी वापरावी, रकाने कसे आखावेत, हे त्याने फार रंगवून सांगितले. वैतीचे नाव त्याच्या तोंडून एकदाही आले नाही. एका हवालदाराने विचारलेही होते की अडचणीच्या जागा तुम्ही कशा भरता. अर्जदाराने त्याला सांगितले की माणसांवर प्रेम करावे लागते. ते वाक्य त्या हवालदाराने वहीत उतरवून घेतले.

५. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वैतीने तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितले. टेबलासमोर टोपी काढून तो म्हणाला, “मेजर, वीस तारखेचा रविवार तेवढा मला द्या. मथुराला बघायला उरणची माणसं येणार आहेत. वडील नाहीत, बोलायला घरात मीच आहे.” मथुरा ही त्याची धाकटी बहीण. अर्जदार ‘बघतो’ म्हणाला आणि त्याच्यादेखत वहीत पेन्सिलीने ‘वैती – सुट्टी’ असे लिहिले. येथपर्यंत अर्जदाराकडून काही गैर घडले नव्हते.

नंतर शिपाई श्यामसुंदर घाडी आला. तो अर्जदाराच्याच वाडीतला आणि गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. प्रमाणपत्राबद्दल मंडळाने त्याच रविवारी घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये अर्जदाराचा सत्कार ठरवला होता आणि श्यामसुंदरशिवाय कार्यक्रम होणार नव्हता. अर्जदाराने खोडरबर घेतला. वैतीची सुट्टी खोडली, तिथे श्यामसुंदरचे नाव लिहिले आणि वैतीला सकाळी आठ ते रात्री आठ नाक्यावर लावले. श्यामसुंदरने तसे कर म्हणून सांगितले नव्हते. दुसरी दोन-तीन नावे अर्जदारापुढे होती, पण ती माणसे कुरकुरली असती.

शनिवारी वैतीने फळा वाचला. मग ‘चालेल’ म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. श्यामसुंदरने भाषणात सांगितले की दशरथभाऊंनी आजवर एकाही माणसाला दुखवले नाही. टाळ्या झाल्या आणि अर्जदाराने हात जोडले. त्याच वेळी उरणची माणसे वैतीच्या घरी दोन तास बसून होती. बहिणीसाठी ज्या भावाला दोन तास नाहीत त्याच्याशी बोलणी काय करायची, असे म्हणून ती उठून गेली. हे अर्जदाराला पुढे कळले, पण शालीची घडी मोडलेली नव्हती तेव्हाच कळले.

६. वैतीच्या आईने, कृष्णाबाईंनी, हातापाया पडून उरणच्या माणसांना पुन्हा बोलावले. तारीख ठरली ११ मे, पुन्हा रविवार. या वेळी वैतीने अर्जदाराकडे सुट्टी मागितली नाही. का मागावी? जोडीच्या शिपायाला सांगून तो दुपारी नाक्यावरून गेला आणि पावणेदोन तासांनी परत आला. तेवढ्या वेळात बोलणी झाली, सुपारी फुटली. नेमकी तेवढ्यातच वरिष्ठांची अचानक तपासणीही झाली. रिपोर्ट लिहिण्याचे काम अर्जदाराकडे आले. ‘न विचारता ठिकाण सोडले’ असे त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले. म्हटले तर ते खरे होते. आधी विचारले तेव्हा काय झाले, हे लिहायला त्या छापील फॉर्ममध्ये जागा नव्हती, अशी अर्जदाराने स्वतःची समजूत घातली. फॉर्मच्या मागची बाजू पूर्ण कोरी होती.

वैती निलंबित झाला. उरणच्या माणसांनी निरोप धाडला की चौकशीचा निकाल लागेपर्यंत लग्नाचे थांबवू. नोकरी राहिली तर पुढे पाहू. म्हणजे एका मुलीचे लग्न आज ६ ऑक्टोबरच्या चौकशीवर अडून बसले आहे.

७. यापुढचे लिहिताना अर्जदाराला स्वतःची सर्वांत जास्त लाज वाटते. मेच्या अखेरीस कृष्णाबाई ठाण्यात आल्या. बाजारातून तशाच आल्या होत्या, टोपली बाहेर पायरीवर ठेवली होती. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, “मेजर, पहिल्या वेळी त्याने सुट्टी मागितली होती का नव्हती, तेवढंच सांगा. मला तो काय सांगत नाही.” वैती हजेरीची सही करायला आला होता आणि दारातच उभा होता. अर्जदाराने एप्रिलचे पान उघडून त्यांच्यापुढे फिरवले आणि सांगितले, “वहीत तसं काही दिसत नाही, मावशी.”

त्यांना वाचता येत नाही. तरीही त्यांनी पानावरून बोट फिरवले. मग बाहेर जाऊन मुलाला जे बोलल्या ते अर्जदाराने खिडकीतून ऐकले. तू बहिणीचा वैरी, साधी एक सुट्टी मागायला तुझी जीभ झडली होती का, असे त्या त्याला म्हणत होत्या. वैतीने टोपली उचलून त्यांच्या डोक्यावर दिली. अर्जदार तेव्हा खुर्चीतून उठला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. तो उठला नाही. चहा मागवला.

८. निलंबित माणसाने रोज ठाण्यात येऊन सही करायची असते. गेले चार महिने वैती रोज सकाळी ट्रॉम्बेहून येतो, अर्जदारासमोर सही करतो आणि जातो. इकडे यादीतली भोके भरायला कोणी नाही. जूनपासून ड्युटीबद्दल चौदा तक्रारी आल्या, दोन शिपाई फळ्यासमोर हातघाईवर आले. बासष्ट माणसांचे मनोधैर्य कोणाच्या पायांवर उभे होते हे आता सर्वांना ठाऊक आहे. प्रमाणपत्र मात्र कालपर्यंत भिंतीवरच होते.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दुपारी अर्जदार विसर्जनाची यादी लावत होता. खाडीच्या धक्क्यावरचा शिपाई तापाने पडला, जागा रिकामी झाली आणि अर्जदाराच्या हाताने सवयीने तिथे ‘वैती’ लिहिले. सकाळी हजेरीत तो नावे वाचत गेला. “वैती, खाडीचा धक्का,” हे तोंडातून गेल्यावर त्याला कळले. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, “हजर.” वैती सहीसाठी आला होता, शर्ट-पँटमध्ये. कोणी हसले नाही. वैती फळ्याजवळ आला, नाव बघितले आणि म्हणाला, “नाव लावलंय ना मेजर? मग जातो.”

खोडरबर अर्जदाराच्या खिशात होता. तो त्याने काढला नाही, कारण दुसरा माणूस नव्हता, आणि भरती चढताना त्या धक्क्यावर काय करायचे हे कोळ्याच्या पोरासारखे दुसऱ्या कोणाला कळत नाही, हेही अर्जदार जाणून होता. निलंबित माणसाला बंदोबस्ताला पाठवणे हा गुन्हा आहे. तो सर्वस्वी अर्जदाराचा आहे. दिवसभर छातीभर पाण्यात दोर धरून वैती उभा राहिला, मंडळांच्या पोरांना एकेक करून बाहेर काढत राहिला. संध्याकाळी आपण तेथे आलात, त्याला पाहिलेत आणि मेमो पाठवलात.

९. तरी मेमोस उत्तर, मागितल्याप्रमाणे एका ओळीत :

शिपाई हरेश्वर अनंता वैती, सध्या निलंबित, अर्जदाराच्या चुकीमुळे.

१०. याउपर आपणास योग्य वाटेल ती शिक्षा अर्जदाराला व्हावी. त्याला ठाण्यातून काढावे, खालच्या पदावर आणावे किंवा पुढची तीन वर्षे यादीतील प्रत्येक रिकाम्या जागी त्याचे नाव लावावे. शेवटच्या शिक्षेची तरतूद नियमात नाही, हे त्याने पुस्तक काढून पाहिले आहे. परंतु ६ ऑक्टोबरच्या चौकशीत वैतीवरचा ‘न विचारता’ हे शब्द काढून टाकावेत. त्याने विचारले होते. पान तिरपे धरून उजेडात बघितले तर ‘वैती – सुट्टी’ ही अक्षरे अजून उमटलेली दिसतात. अर्जदार पेन्सिल दाबून लिहितो.

११. हे सर्व अर्जदाराने घरी सौ. वनमाला हिला सांगितले. कपाटातून शाल काढून तिने घडी केली आणि अर्जासोबत जोडायला दिली. कपाटात ती नको, एवढेच म्हणाली.

१२. आता शेवटची विनंती. काल सकाळी सहीच्या वेळी अर्जदाराने हा मसुदा वैतीला वाचून दाखवला. त्याने सगळे उभ्यानेच ऐकले. असा पाठवला तर चालेल का, असे अर्जदाराने विचारले. वैती पहिल्यांदाच चालेल म्हणाला नाही. म्हणाला, “आईसमोर वाचा.”

कृष्णाबाई आठवडाभर बाजारात असतात, घरी रविवारीच भेटतात. उद्याच्या रविवारसाठी मंजुरी मिळणे शक्य नाही, त्यानंतर चौकशीच्या आधी एकच रविवार उरतो. तरी अर्जदाराला दि. ५ ऑक्टोबरची सुट्टी मंजूर व्हावी. त्या दिवशी त्याच्या जागी कोणाचे नाव लावावे हे त्याला कळलेले नाही, म्हणून यादीत ती जागा रिकामी ठेवली आहे. आपण होय म्हणा किंवा नाही म्हणा, फक्त या अर्जावर ‘बघतो’ असा शेरा मारू नये, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहत उभा असलेला,

(सही)
दशरथ सखाराम घाडीगावकर
पोलीस हवालदार, खाजणवाडी पोलीस ठाणे

सोबत :
१. ड्युटी वहीचे एप्रिलचे पान, मूळ. (कृपया तिरपे धरून पाहावे.)
२. खोडरबर, एक, अर्धा झिजलेला.
३. प्रमाणपत्र, काचेसह.
४. शाल, एक. नारळ घरात खाल्ला गेला, तो परत करता येत नाही.
५. दि. ५ ऑक्टोबरची यादी, एक जागा रिकामी.