शेवगावचा शिक्का

ती. अण्णा,

'तीर्थरूप' असं पूर्ण लिहायला आज हात धजत नाही, म्हणून नुसत्या 'ती.'वर भागवतेय. चालवून घ्या.

येत्या पौषात तुम्हाला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या दिवशी बेलापूरच्या वाचनालयात तुमचे तिकिटांचे सगळे अल्बम मांडायचे, असं सुभाषने ठरवलंय. मागच्या आठवड्यात तो इथे शेवगावला आला, दोन जड पिशव्या माझ्या दिवाणावर टेकवल्या आणि म्हणाला, "ताई, शेवटच्या अल्बममध्ये तिकिटांखालच्या पट्ट्या लिहायच्या राहिल्यात. अक्षर तुझंच पाहिजे बाई. आधीचे सगळे तुझ्याच हातचे आहेत."

आहेतच! तुमच्या कारखान्याच्या ऑफिसात तुमचं अक्षर चालायचं, पण अल्बमला चालायचं नाही. म्हणून सातवीपासून लग्नापर्यंत माझा उजवा हात तुमच्याकडे कामाला होता.

सहा दिवस बसून सगळ्या पट्ट्या लिहिल्या. देश, साल, किंमत, कोरं की वापरलेलं. आता एकच पान उरलंय, आणि त्याच्याखाली काय लिहायचं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलंय. म्हणून हे पत्र.

तुम्हाला आठवतं का, सुट्टीत आपण तिकिटं भिजत घालायचो? कोमट पाण्याच्या वाट्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या असायच्या. तिकीट ओढायचं नाही, कागद आपसूक सुटेपर्यंत थांबायचं, हे तुम्हीच शिकवलंत. आई चहाला वाटी शोधत यायची आणि करवादायची, "शिवू नगा रं पोरांनू त्या वाट्यांना! तुमच्या अण्णांचं सोनं भिजतंय त्यात!" तुम्ही हसायचात. खोटं कशाला बोलू, मलाही फार आवडायचं ते. चिमट्याने तिकीट उचलून टिपकागदावर ठेवताना तुम्ही माझ्या हाताकडे बघायचात, तेवढं बघणं मला पुरायचं.

एकदा मोराच्या तिकिटाखाली मी हौसेने 'किती देखणा मोर!' असं लिहिलं. तुम्ही ती पट्टी फाडलीत. "शैले, आपण नोंद करतो, कौतुक नाही करत." मी नाक पुसत दुसरी पट्टी लिहिली. नववीत होते मी, अण्णा. मोर खरंच देखणा होता.

मग माझं लग्न ठरलं. माझ्या ट्रंकेत आईने साड्या भरल्या आणि तुम्ही तळाशी बटरपेपरचं एक पुडकं सरकवलंत. नवी कोरी तिकिटं! "दर पत्राला यातलंच लाव. पोस्टात सांगायचं, शिक्का हलक्या हाताने, कोपऱ्यावर मारा. श्रीरामपूरचे, नेवाशाचे शिक्के आहेत आपल्याकडे, शेवगावचा एकही धड नाही." घरातले सगळे हसले. मीही हसले. आता मात्र कधी कधी विचारावंसं वाटतं, शेवगाव स्थळ म्हणून पसंत केलं होतंत, की शिक्का म्हणून?

मी तुमचं ऐकलं. डोक्यावर पदर घेऊन पोस्टाच्या खिडकीशी जायचे आणि म्हणायचे, "भाऊसाहेब, तेवढा शिक्का जरा बघून मारा." ते म्हणायचे, "ताई, पत्र पोचल्याशी मतलब का शिक्क्याशी?" काय सांगणार होते मी त्यांना!

तुमची उत्तरं यायची. 'शिक्का पुसट आहे.' 'शिक्का तिकिटाच्या मधोमध बसला, चित्र झाकलं.' 'प्रकृतीस जपावे.' या क्रमाने.

आणि मग ते पत्र. मला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ओटी भरली की तुम्ही न्यायला येणार म्हणून मी रोज एस.टी.च्या वेळेला दारात यायचे. पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी यांनी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मला मारलं. पहिल्यांदा नव्हे. मी लिहिलं, 'अण्णा, मला इथे भीती वाटते. पोटातल्या जिवाची जास्त वाटते. कोणाला काही सांगत बसू नका, फक्त या आणि मला घेऊन जा.'

पुढचं सांगायची मला लाज वाटते. तुमची नाही, माझी. गालावर पाच बोटं उठलेली, आणि खिडकीशी उभी राहून मी म्हणतेय, "कोपऱ्यावर मारा हां, चित्र झाकू नका!" का, तर शिक्का बिघडला तर तुम्ही रागवाल आणि यायचं राहून जाईल. भाऊसाहेबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. तिकीट सरळ धरलं आणि असा शिक्का मारला की आजही त्यातली तारीख अक्षर न् अक्षर वाचता येते.

आठ दिवसांनी तुमचं पाकीट आलं. आत चार नवी तिकिटं आणि एक चिठोरं. 'या खेपेचा शिक्का उत्तम. पुढेही असाच मारून घ्यावा.' मी पाकीट उलटं करून झटकलं. दोनदा झटकलं. आणखी काही नव्हतं.

अजून तीन आठवडे गेले. मग बाळ गेलं. कसं गेलं ते आपल्या घरात कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्ही आलात तेव्हा मी दवाखान्यात होते. तुम्ही मोसंबी आणली होतीत. "देवाची इच्छा," म्हणालात. यांच्याबरोबर बाहेर जाऊन चहा प्यायलात!

पुढे आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिला विचारलं, "आई, माझं ते पत्र आलं तेव्हा अण्णांनी तुला काय वाचून दाखवलं गं?" तिला कुठे वाचता येत होतं! ती म्हणाली, "समदं खुशाल हाय म्हनले. म्या म्हनलं, पोरीला आनायला कवा जायाचं? तर म्हनले, तिचं तिथं बरं चाललंय, सासरचेच करतील बाळंतपन."

तरी मी तुमची बाजू घेतली, अण्णा. इतकी वर्षं घेतली. स्वतःला समजावलं की माणूस तिकिटांत गुंगलेला, त्यांनी पाकीट पाहिलं, शिक्का पाहिला आणि हरखून पत्र वाचायचं राहूनच गेलं. आईला आपलं काहीतरी सांगून दिलं. न वाचणारा बाप परवडला, असं म्हणून मी दर दिवाळीला तुमच्या पाया पडत आले.

परवा शेवटच्या अल्बमचं ते पान उघडलं. पाकीट अख्खंच्या अख्खं लावलंय. तिकीट कापून घेतलं नाहीत, कारण शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर आहे. कडेने ब्लेडने अलगद चिरलंय. आत माझं पत्र आहे, आणि वरच्या कोपऱ्यात तुमच्या पेन्सिलीने लिहिलंय: 'उ. देणे.'

तुमची ही खूण मला पाठ आहे: उत्तर द्यायचं बाकी. तुमच्या ट्रंकेतली, तुम्हाला आलेली बाकी पत्रंही सुभाष घेऊन आलाय. कुठल्याशा कोल्हापूरच्या माणसाने अदलाबदलीला दोन तिकिटं मागितली होती, त्याच्या पत्रावर 'उ. दिले' आणि तारीख. तिकिटं विकणाऱ्याच्या पत्रावर 'उ. दिले'. दिवाळीच्या शुभेच्छांवरसुद्धा 'उ. दिले'! एकट्या माझ्याच पत्राला 'देणे'.

म्हणजे तुम्ही वाचलं होतंत. सगळं वाचलंत, आणि ते चिठोरं म्हणजे उत्तर नव्हे हेही तुम्हाला कळत होतं. मग काय अडलं होतं हो? बेलापूरहून शेवगावला यायला अर्धा दिवस लागतो. लोक काय म्हणतील, लेक परत आली म्हणतील, एवढंच ना? त्या लोकांपैकी आज एक तरी आहे का जागेवर? खूण करून ठेवलीत आणि पुढची तीस वर्षं माझ्याशी शिक्क्यांवर बोललात. मला तुमचा राग येतो, अण्णा. गेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात. मी करते.

सुभाषला ती पेन्सिल दाखवली. त्याने पान मिटलं. मग म्हणाला, "जाऊ दे गं ताई, जुनं झालं. 'लेकीच्या मायेचं पत्र' असं काहीतरी गोड लिही ना. त्या दिवशी भाऊजी येणार, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचंय. त्यांना काय वाटेल?"

तुमचे जावई आता मऊ झालेत. गुडघ्याला तेल लावून दे म्हणतात, मी लावते. त्यांना काय वाटेल, याची काळजी करायला माझा भाऊ आहे. तेव्हा मला काय वाटलं होतं, त्याची काळजी करायला तुम्ही होतात.

तर ऐका. बाकीच्या सगळ्या पट्ट्या तुम्हाला हव्या तशाच लिहिल्यात. एक काना इकडचा तिकडे नाही, अक्षराला नावं ठेवायला जागा नाही. या शेवटच्या पानावर मात्र पाकिटाशेजारी माझं पत्र मी उघडून लावणार आहे, तुमच्या पेन्सिलीसकट, सगळ्यांना वाचता येईल असं. यांनाही. आणि खाली पट्टी: 'शेवगाव ते बेलापूर. लेकीने वडिलांना. पत्र पोचले, वाचले. न्यायला कोणी आले नाही.' सुभाष काढायला आला तर हात धरेन त्याचा. हे वचन समजा, नाहीतर धमकी समजा. तुमच्या पोरीने तुम्हाला दिलेली पहिलीच आहे.

पूर्वी पत्राच्या शेवटी मी 'उत्तराची वाट पाहते' असं लिहायचे. आज लिहीत नाही.

शैला