कागदावरचा नवरा

कॅम्प नेल्सन, केंटकी
२० मार्च १८६५

ती. केझायाताईस,
ईनॉकचा सा. न. वि. वि.

हे वाचलंस की चुलीत घाल. नवा कायदा झालाय. आपल्या गुलाम लोकांपैकी जो सैन्यात आहे त्याची बायको आणि मुलं मोकळी, मालक कुणीही असो. बहीण मात्र त्यात बसत नाही. लग्न कर म्हणून माझ्यामागे लागायचीस ना? केलं असतं तर निदान ती तरी सुटली असती.

माझा पलटणीतला सोबती वायली इथे इस्पितळात आहे, एक पाय गेलाय. एकटा जीव. तू आणि डॉर्कस आपलीच बायको-मुलगी, असं छावणीच्या साहेबापुढे सांगायला तो तयार आहे. बदल्यात तुझ्या हातची मक्याची भाकरी मागतो, बाकी काही नाही. आमची पलटण उद्या व्हर्जिनियाला निघते, तेव्हा काय ते तूच ठरव.

लोभ आहेच, तो असू दे.
तुझा ईनॉक

डॅनव्हिल
२९ मार्च

चि. ईनॉकला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धोबीणमावशीने पोचवलं. वाचलं, जाळलं आणि मग रडले.

अरे, लिवायला मिसिसिपीत विकला तेव्हा मी म्हटलं, गेला माझा नवरा नरकात. आणि दोन वर्षांपूर्वी गुलाम मोकळे करायचा हुकूम कुणासाठी निघाला? त्या खालच्या बंडखोर राज्यांतल्यांसाठी, म्हणजे मिसिसिपीतल्या लिवायसाठी, आपल्यासाठी नाही. केंटकी बिथरून बंडखोरांना मिळाली तर सरकारची ओहायो नदी जाईल, आगगाडी जाईल, लढाईच हातची जाईल, म्हणून इथल्या मालकांच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. आपले मालक सरकारशी इमानदार, म्हणून आपण अजून त्यांचे. जळो मेलं ते इमान.

नवऱ्याच्या मरणाची खबर नसताना दुसऱ्याची बायको म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही. पण मालकांनी डॉर्कसला लेक्सिंग्टनला परक्या घरी कामाला धाडायचं ठरवलंय. बारा वर्षांची आहे रे ती. जाते मी.

जीव सांभाळ.
तुझी ताई

कॅम्प नेल्सन
९ एप्रिल

चि. ईनॉकला अनेक आशीर्वाद.

सुटलो रे आम्ही. कागद हातात आहे.

वाटभर डॉर्कसकडून घोकून घेतलं की बापाचं नाव वायली. ती म्हणाली, खऱ्या बाबांचा चेहराही आठवत नाही, मग नावाचं काय एवढं. एक ठेवून द्यावीशी वाटली. साहेबापुढे पोरगी अडखळली नाही, मीच अडखळले. वायलीने सावरून घेतलं. भला माणूस. भाकरी खाऊन म्हणाला, ईनॉकने उगाच एवढी तारीफ केली.

तिकडे मिसिसिपीकडचा कुणी भेटला तर लिवायची चौकशी कर. मला त्याचा घोर लागलाय. जिवंत असेल तर आम्हाला शोधत तो येणारच. इथे वही उघडून सांगतील, केझाया ना, आहे की, वायलीची बायको, एक मुलगी. तो भांडणार नाही. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. बरं म्हणेल आणि दारापर्यंत न येताच माघारी जाईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई