पुतूची शिट्टी

वेनिंग पोरी,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुझा बाप रोज्यांच्या महिन्यातच गेला. कळलं असतं तर मलेशियातलं काम सोडून धावत आली असतीस.

ज्या गाडीवर तो तांदळाच्या पिठाचे गोड पुतू वाफवून विकायचा, ती शेजारच्या पार्दीला दिली. संध्याकाळी तुझ्या फोनच्या वेळेलाच गल्लीतून वाफेची तीच शिट्टी वाजत जाते.

"आले बघ बाबा! दे त्यांना फोन!" तू तिकडून ओरडतेस.

"गिऱ्हाईकं आहेत, मग बोल!" मी खेकसते.

"सांग त्यांना, माझ्या वाटणीच्या पुतूत गूळ गच्च भरा!"

"सांगते."

आज पार्दी गाडी घेऊन सासुरवाडीला गेला, कायमचा. उद्या फोनवर तू शिट्टीची वाट बघशील आणि विचारशील, "बाबा अजून आले नाहीत?"

तुझी खोटारडी आई,
तुमिनाह
मुक्काम सोलो