पाहुणे आले की पट्टे काढायचे

३ फेब्रुवारी, मंगळवार
दौंडचे पाहुणे रविवारी घर बघायला येणार. नक्की झालं. रेल्वे कॉलनीतली माणसं. मुलगी प्रतीक्षा, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. आमच्या विशालचा फोटो पसंत पडलाय. पोरगा रांजणगावला कंपनीत, पगार बरा, दिसायला बरा, तरी आजवर नकारच. कारण कोणी तोंडावर सांगत नाही. सांगायला कशाला पाहिजे? घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबटे.
हे लगेच वस्तीभर फिरून आले. "रविवारी पावणं हायेत, ध्यान ठेवा." एवढं पुरतं.

५ फेब्रु., गुरुवार
खुरपायला गेलो. सगळ्या बायका एका रांगेत, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. आतून रेक्झिन, बाहेरून खिळे. पहिल्यांदा घातले तेव्हा एकमेकींना बघून पोट धरून हसलो होतो, कुत्र्याला घालतात तसले म्हणून. पलीकडच्या मळ्यातल्या म्हातारीला बिबट्यानं मानेला धरून नेलं आणि हसू गेलं. आता पोरं शाळेत जातानाही पट्टा, गवताला जाताना पट्टा, अगदी देवळात जातानासुद्धा.
फक्त सोयरिकीचे पाहुणे आले की सगळ्या वस्तीनं पट्टे काढायचे. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. आज तुझ्या पोरासाठी मी काढते, उद्या माझ्या पोरासाठी तू. मी कितीदा काढलाय. आता आमची पाळी. इतके दिवस यात काही वावगं वाटलं नाही. आता का वाटतंय, कुणास ठाऊक.

७ फेब्रु., शनि.
घर सारवून-पुसून झालं. नवे पडदे लावले. गोठ्यामागे वनखात्याचा पिंजरा आहे, बिबट्या धरायला आत शेळी बांधलेली. ह्यांनी नि शेजारच्या शांताबाईंच्या मालकांनी त्यावर ताडपत्री टाकून वर उसाचं पाचट पसरलं. लांबून गंजीच वाटते.
आत्या (सासूबाई) मात्र हटून बसल्या. "मी न्हाई पट्टा काढायची. गळा माजा हाय." ह्यांनी समजावलं, विशालनं समजावलं. शेवटी मीच म्हणाले, आत्यांना उद्यापुरतं शिरूरला वन्संकडे सोडा. गाडीवर बसताना माझ्याकडे नुसतं बघितलं त्यांनी. ज्या घरात सून म्हणून आल्या त्याच घरात अडचण झाल्या, आणि ती माझ्या तोंडून.

८ फेब्रु., रवि.
झालं एकदाचं. छान झालं. लिहायला लाज वाटते इतकं छान झालं.
प्रतीक्षाची आई रेखाताई. साधी बाई, भरभर बोलणारी. माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, भजी तळायला लागली. म्हणाली, "ताई, तुमच्या मानेला काय झालंय? सगळीकडून काचलंय." मी म्हणाले, माळेची ॲलर्जी. पदर वर घेतला.
मग हळूच विचारलं, "इकडं वाघाचं ऐकतो आम्ही. खरं आहे का हो?"
मी म्हणाले, "ते तिकडं वर, जुन्नरच्या बाजूला. हितं न्हाई."
तेवढ्यात मागून शेळी ओरडली. रेखाताई म्हणाल्या, "अगंबाई, शेळ्यापण आहेत का?"
"एक हाय."
खोटं बोलताना एकदाही अडखळले नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतंय. पोरगी गुणी आहे. जाताना वाकून नमस्कार केला नि म्हणाली, "इथं किती शांत आहे ना." ऊन कलायच्या आत आम्ही त्यांना गाडीत बसवलं. गाडी वळणाआड जाते न जाते तोच सगळ्या दारांतून बायका पट्टे बांधत बाहेर आल्या.

९ फेब्रु.
होकार आला. ह्यांनी पेढे वाटले. वि. लाजतोय, मोबाइल खाली ठेवत नाही. आत्या परत आल्या. पेढा घेतला नाही. डायबिटीस म्हणे. कालपरवापर्यंत जिलबी चालत होती.

११ फेब्रु., बुध.
हे शिरूरहून नव्या सुनेसाठी पट्टा घेऊन आले. सगळ्यांच्या पट्ट्यांसारखा काळा नाही, मरून रंगाचा. कडेला जर लावून घेतलीय. "नवी नवरी हाय, जरा बरा दिसाया पायजे," म्हणाले. वाईट माणूस नाही. खिळ्यांच्या टोकांवर बोट फिरवून बघत होते, पुरतील का म्हणून. काळजी खरीच आहे. शालूच्या पेटीत तळाशी ठेवायला सांगितला.
मी ठेवला. वर साडी घातली, पेटी लावली, आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. मला रडूही येईना.

१२ फेब्रु., गुरु.
हापशावर कोमल भेटली. शांताबाईंची सून, दिवाळीनंतर लग्न झालेली, हडपसरची. इथं आल्यापासून कोणाशी फारसं बोलत नाही. आज आपणहून बोलली.
"काकी, तुमच्याकडं पण नवी यायचीय ना?"
"हो."
"मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पट्टा दिला. मला वाटलं, काय विधी-बिधी असंल." भरलेला हंडा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुमी मला ओवाळून आत घेतलं व्हतं काकी. तुमी तरी सांगायचं."
तेव्हा माझी मान उघडीच होती. हातात ताट, त्यात दिवा, आणि तिच्याकडे बघून मी हसत होते. मला चांगलं आठवतंय.
हंडा उचलून घरची वाट धरली.

१४ फेब्रु., शनि.
घरात सांगितलं, बचत गटाच्या मीटिंगला चाललेय. अजून एक खोटं, पण आता त्याचं काय. पेटीतला पट्टा पिशवीत घातला. शिरूरला येऊन दौंडची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस. दौंड आलं तसं जरा मोकळं वाटलं. रेल्वे कॉलनीत बायका अंगणात गहू निवडत बसलेल्या. उघड्या मानेनं, रस्त्याकडे पाठ करून. मी थांबून बघतच राहिले.
रेखाताईंनी आनंदानं आत घेतलं. प्रतीक्षा ड्यूटीवर होती. चहा टाकला. मी पट्टा काढून टीपॉयवर ठेवला.
"अय्या, कुत्रं पाळलंय का तुम्ही?"
"न्हाई. प्रतीक्षासाठी आणलाय."
मग सगळं सांगितलं. म्हातारीचं, कोमलचं, आत्यांना हलवल्याचं. त्या हळूच म्हणाल्या, "मग त्या दिवशी ती शेळी?"
"पिंजऱ्यातली."
"आणि तुमची मान?"
मी पदर खाली घेतला. त्यांनी बघितलं. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्याशेजारी उभी राहून भजी तळली हो ताई."
उठले. पट्टा घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो आपल्याकडे ओढला. "राहू द्या. ती आली की दाखवते. तिचं ती ठरवेल."
पायरीपर्यंतही आल्या नाहीत.

१५ फेब्रु., रवि.
रात्रीच सांगून टाकलं घरात. हे बोलत नाहीत. वि. बॅग भरून सणसवाडीला मित्राच्या खोलीवर गेला. जाताना म्हणाला, "आई, माझं मला सांगू दिलं असतं तर?"
सांगणार होतास का, असं विचारणार होते. विचारलं नाही. कदाचित सांगितलंही असतं त्यानं. ते आता कळायचं नाही.

१८ फेब्रु., बुध.
वस्तीला कळलं. हापशावर माझ्या आधी आलेल्या बायका हंडे अर्धेच भरून निघून गेल्या. शांताबाई तेवढ्या थांबल्या. "तुज्या पोराचं तू मोडलंस, आमच्या पोरांचं काय? दौंडला कळलं म्हंजी समद्या मुलखाला कळलं." खरं आहे ते. माझं मन हलकं करायला मी सगळ्या वस्तीच्या पोरांचं नुकसान केलं. तेव्हा गप्प होते त्याची लाज वाटत होती, आता बोलले त्याची वाटतेय.
कोमल मान खाली घालून पाणी भरत होती. माझा हंडा तिनं उचलून दिला.

२० फेब्रु., शुक्र.
संध्याकाळी शांताबाईंचे मालक दारात आले, आत येईनात. त्यांच्या धाकट्यासाठी रविवारी पाहुणे आहेत. ह्यांच्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. "वहिनींना रविवारपुरतं शिरूरला सोडून या. ताईंकडं."
हे मान डोलावून आत गेले.
आत्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "जाऊ नगंस. हितंच बसू दोघी, पट्टं घालून."
मी त्यांच्याजवळ बसून लसूण सोलायला लागले. शांताबाईंचा धाकटा तिशी ओलांडून गेलाय. लहानपणी माझ्याच घरी जेवायचा.
रविवारचं अजून ठरत नाही. दौंडचा फोन नाही. पट्टाही परत आलेला नाही.