खड्डा बुजवायचा हुकूम

आश्विन शु. ६
नगरपालिकेची दवंडी. सातारा शहरातले परसातले उकिरडे दिवाळीच्या आत बुजवा. कचरा कोपऱ्यावरच्या पिंपात टाका, सकाळी गाडी येईल.
आमचा खड्डा यांनी खणलेला. माहुलीहून इथं बिऱ्हाड केलं त्या साली, घरात चूल मांडायच्याही आधी. "शेत लांब राहिलं, खत तरी जवळ असू दे." दर वैशाखात धाकटे दीर गाडी आणून खत नेतात. हे गेल्यावरही चुकले नाहीत.

आश्विन शु. ११
शिरपती मुकादम दारात.
"आवं काकू, सायबाचा हुकूम हाय. मी काय करू?"
"तुझा साहेब वांगी खातो का?"
"खातो की."
"मग ती कशावर येतात, विचार त्याला."
हसला. पण म्हणाला, "दिवाळीपातुर बुजवा. न्हाईतर माणसं घिऊन मलाच यावं लागंल. बरं दिसतंय का ते?"
शेजारच्या गोदूचा बाळ पुन्हा जुलाबानं आडवा. ती खड्ड्यावरच्या माशांकडे बघत उभी होती. तिचं खोटं नाही.

आश्विन व. २
दिरांना निरोप धाडला. वाणसामानाच्या पुड्यांचे कागद मी वाचल्याशिवाय खड्ड्यात कधी टाकले नाहीत. तशीच अक्षरं लागत गेली. हे म्हणायचे, "उकिरड्याच्या आधी बायकोला कागद खायला घालतो." आता पिंपाशी उभं राहून वाचायचं का!

आश्विन व. ७
दीर गाडी घेऊन आले. खत अर्धं कच्चंच. यंदा पहिल्यांदाच तळापर्यंत उकरलं. दीर खालून ओरडले, "वैनी, काचा हायत गं! बैलाच्या पायाला लागत्याल."
हिरव्या. माझ्या बांगड्यांच्या. हे गेले त्या दिवशी नणंदेनं फुटलेला चुडा झाडून इथंच टाकला होता. बाकी सगळ्याची माती झाली. या तशाच, धुतल्यावर लखलखीत.
दिरांनीही ओळखल्या. खोरं आपटत राहिले. संध्याकाळी खड्डा बुजवून गेले.

आश्विन व. ९
सकाळी सवयीनं भाजीची सालं नेऊन बुजवलेल्या मातीवर ओतली. मग एकेक वेचून पिंपात टाकून आले.

कार्तिक शु. १, पाडवा
उकिरड्यावर पणती ठेवायची रीत. गोदूनं आपली पिंपापाशी ठेवली. बाळ कडेवर, खुळखुळा हाणतोय. बरं वाटलं बघून.
तेल रेशनचं, एकच पणती भरली. आधी पिंपाकडे निघाले. मग मागं वळून बुजवलेल्या जागी ठेवली. हे असते तर म्हणाले असते, "खड्डा नाही तर दिवा कुणाला?"

कार्तिक शु. ३
काचा पुडीच्या कागदात बांधून कोनाड्यात ठेवल्यात. गोदू म्हणते, द्या टाकून, कशाला जवळ ठेवता. शिरपतीनं सांगितलंय, काच पिंपात नको, झाडणाऱ्या बायांचे हात कापतात, गाडीवाल्याच्या हातात द्या.
आज गाडी आली तेव्हा पुडी घेऊन दारात गेले.
"काय हाय का, काकू?"
"नाही रे."
गाडीवाल्यानं पुडीकडे बघितलं. मग बैल हाकले.
पुडी पुन्हा कोनाड्यात. गाडी काय, रोजच येते.