उंबऱ्यावरचं वांगं

अहो,

सहाच्या गाडीने एरंडोलला माहेरी जाते आहे. आई गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, सून घरात कशी नाही, असं कोणी विचारलं तर ताप आला म्हणून माहेरी गेली म्हणा. त्यांच्या नावाची घागर घासून ठेवली आहे. भरा आणि वर डांगर ठेवा, खरबूज मी आणून ठेवलं आहे.

परसातल्या वांग्यांना संध्याकाळीच पाणी द्या, दुपारी दिलंत तर मुळं उकडतील. शेंडे अळी लागली आहे, पण वाळके शेंडे तुम्ही खुडू नका. ते रोज पहाटेच खुडून साबणाच्या पाण्यात पडलेले असतात. मला वाटायचं तुम्ही खुडता, तुम्हाला वाटायचं मी. आई तसेच खुडायच्या, नखाने.

एक लपवलं होतं, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात याच अळीला कंटाळून मी कपाशीवरचं औषध वांग्यांवर मारलं. दुसऱ्या सकाळी आई नेहमीसारख्या वाफ्यात बसून कच्चं वांगं मिठाशी खात होत्या. मलाही एक पुढे केलं, "कवळं शे, खाई ले." मी नको म्हणाले. का नको, ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्या गेल्या, आणि सगळे म्हणाले, वय झालं होतं.

आठवडा झाला, रोज सकाळी मागच्या उंबऱ्यावर एक कवळं वांगं असतं, शेजारी चिमूटभर मीठ. मी उचलून उकिरड्यावर टाकते. उद्या तुम्हाला दिसेल. खाऊ नका. ते माझ्या वाट्याचं आहे.

दिपमाला